नऊ शेकेलला एक न्यूटन

१२ मार्च, दुपारी, दुकानातून

थोरल्या वन्संना नमस्कार. वाकून केलाय असं समजा. कंबर वाकते अजून, पण परत सरळ व्हायला वेळ लावते.

माझं पत्र बघून तुम्ही आधी शेवटचं पान उलटाल, कोण गेलं ते शोधायला. कोणी गेलेलं नाही. दुकान आहे तिथेच आहे. पाटीवर तुमच्या भावाचं नाव आहे आणि खाली ‘तराजू व काटे दुरुस्त करून मिळतील’ हेही आहे. मी बरी आहे. इतक्या दिवसांत मी ओळ लिहिली नाही, तुम्हीही नाही, म्हणजे कोण कोणावर रुसलंय ते तुम्हाला आता नीट आठवत नसेल. मला आठवतंय, पण ते पुढे.

काम एवढंच आहे. जाताना तुम्ही बारक्या वजनांच्या पेटीतला ह्यांचा चिमटा बॅगेत टाकून नेलात. मी बघितलं होतं. भावाची आठवण म्हणून नेत असतील, असं म्हणून गप्प बसले. आता तो मला लागतोय. कागदात गुंडाळून पाठवून द्या. बस्स.

अक्षर वाकडं दिसेल. टेबलाचा पाय हलतोय.

फोन का नाही केला, तर फोनवर तुम्ही ‘हॅलो’च्या जागी ‘काय होतंय तुला?’ विचारता. जन्मभर दवाखान्यात वॉर्ड सांभाळलात, सवय जात नाही. मला काही होत नाहीये. मला चिमटा हवाय.

आता चिमटा कशाला, ते सांगते, नाहीतर म्हणाल हिने पत्र लिहायला निमित्त काढलं.

वरची खोली मी भाड्याने दिली. लगेच भुवया चढवू नका. भाडेकरू म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, जुन्या भाषा शिकवायचे, त्यातही हिब्रू. केस सगळे पांढरे आणि मोजे दोन वेगळ्या रंगांचे. त्यांचा सगळा जीव जुन्या हिब्रू लोकांच्या वजनांत अडकलाय. त्यांचं शेकेल नावाचं एक वजन होतं, त्यावरून मी त्यांना शेकेलशेठ म्हणते. तोंडावर म्हणते. पहिल्यांदा दचकले, आता दारावर टकटक करून स्वतःच म्हणतात, ‘शेकेलशेठ आलोय.’ भिंतीवरचा तुमचा फोटो बघून त्यांनी विचारलं, ह्या कोण, आणि इतक्या रागावल्यात कुणावर? म्हटलं, ही माझी ननंद, आणि हा तिचा हसरा फोटो आहे.

तर त्यांच्या ओळखीतून संग्रहालयाचं काम आलं. तिथे जुन्या मोजमापांचं प्रदर्शन भरणार आहे. संग्रहालयवाल्या बाईंना एक यंत्र हवंय, वरती मोठी तबकडी आणि खाली लोंबणारी मूठ. मूठ एका हाताने खाली ओढायची, की तबकडीवर काटा फिरून तुमचा जोर दाखवणार. बाहेरच्या वर्तुळात काळ्या रेघा, आजच्या मापाने, न्यूटनमध्ये. आतल्या वर्तुळात लाल रेघा, हिब्रू वजनांत. म्हणजे पोरंटोरं आली की ओढून बघतील, आपण किती शेकेलचे पैलवान ते.

न्यूटन म्हणजे काही अवघड नाही, मी शिकले म्हणजे तुम्हीही शिकाल. किलोभर वजनाला जमीन जेवढी खाली ओढते, तो साधारण दहा न्यूटन जोर. आणि शेकेल म्हणजे अकरा ग्रॅम आणि वर थोडंसं. पन्नास शेकेलचा एक मिना, साठ मिनांचा एक टॅलेंट, म्हणजे भरलेलं पोतं म्हणा. आणि शेकेलचा विसावा भाग तो गेरा, एवढासा, की कुणी शिंकलं तर शोधत बसा. यंत्राशेजारी मांडायला ह्या सगळ्या वजनांचे दगडही मीच घासून देतेय. गेऱ्याचा दगड बोटांनी उचलायचा म्हणजे कसरत. म्हणून चिमटा.

शेठ आधी ह्या यंत्रावर रागावले होते. म्हणाले, शेकेल हे वजन आहे, चांदी आणि लोकर तोलायचं. कुणाच्या दंडाचा जोर त्या लोकांनी कधी मोजला नाही, आणि जोर वेगळा, वजन वेगळं. मी म्हटलं, शेठ, दोरीला दगड टांगा नाहीतर मी लोंबते, दोरीला काय कळतंय ओढतोय कोण? त्यांनी चहा मागितला, म्हणजे पटलं.

मग आकड्यावरून भांडण. त्यांनी कागदभर हिशेब करून सांगितलं, एका न्यूटनला आठ पूर्णांक चौऱ्याण्णव शेकेल. मी म्हटलं, नऊ. आमच्या गावच्या शाळेत नवाचा पाढा होता, आठ पूर्णांक चौऱ्याण्णवाचा नव्हता. ते म्हणाले, तुमच्या नवाने माझा टॅलेंट बिघडतो. म्हटलं, तुमचे जमिनीतून निघालेले दगड तरी कुठे एकसारखे आहेत, कुणी अकराला, कुणी साडेअकराला. म्हणजे त्या लोकांतही काटा मारणारे होतेच. ह्यावर दोन दिवस खाली आले नाहीत. शेवटी ठरलं, तबकडीवर त्यांचा आकडा आणि माझ्या तोंडात माझा.

मागच्या आठवड्यात मी स्वतः मूठ ओढून बघितली. सहाशे तीस शेकेल. कसा वाटतो आकडा? तुमच्या वॉर्डातल्या कुणाला जमेल का विचारा.

उठते. मघापासून तीनदा उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. एका जागी बसवत नाही हल्ली.


१३ मार्च, सकाळी

काल पत्र पुरं होईना. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातलाय, आता हलत नाही. तरी अक्षर तसंच, म्हणजे पेन खराब असणार. पेनाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, धरायला जरा जाड होतं. तुम्ही हसाल, पण बरं पडतं.

काल म्हटलं होतं, मला आठवतंय. तर ऐका.

हे गेल्यावर तुम्ही राहिलात माझ्याजवळ. राहिलात म्हणजे काय, ताबाच घेतलात. दुकानातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात, ‘मोठे स्क्रू’, ‘लहान स्क्रू’, जसं मला डोळ्यांनी दिसत नव्हतं. लोखंडी वजनं पलंगाखाली लपवलीत, मी उचलू नये म्हणून. एके दिवशी मी वीस किलोचं वजन ओढून बाहेर काढलं आणि तुम्ही माझ्या हातातून घेतलंत. मी म्हटलं, हात माझे आहेत. तुम्ही म्हणालात,

“हात गेले की मलाच बोलवशील.”

मी म्हटलं, “मरेन पण बोलावणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तुम्ही गेलात. मी दारात आले नाही, खिडकीतून बघत होते. बॅग जड होती तुमची, एका बाजूला झुकत चालत होतात. चिमट्याने काही इतकी जड होत नाही.

ते असो. यंत्राचं सांगत होते.

यंत्र उभं राहिलं त्या दिवशी मी मूठ ओढली आणि काटा अठराशे शेकेलवर गेला. शेठनी टाळ्या वाजवल्या. स्वतः ओढायला गेले तर चष्मा पडला. मग रोज सकाळी दुकान उघडलं की आधी एकदा ओढून बघायची मला सवयच लागली. काही दिवसांनी काटा चौदाशेवर थांबला. म्हटलं, स्प्रिंग थकली. तुमच्या भावाचं तुम्हाला माहीत आहे, आकडा पटला नाही की आधी काटा उघडायचा. गिऱ्हाईक म्हणो मी बारीक झालो, म्हणो पीठ ओलं होतं, हे ऐकून घ्यायचे आणि पेचकस काढायचे. मीही तेच केलं. नवी स्प्रिंग घातली.

पुढे बाराशे. मग ती स्प्रिंग काढून तिसरी घातली, स्प्रिंगवाल्या दुकानदाराला चार शब्द सुनावले. मग हजार. मग मी शेठवर गेले. म्हटलं, तुमच्या आठ पूर्णांक चौऱ्याण्णवाने सगळा घोळ केलाय, आतल्या रेघाच चुकल्यात. ते बिचारे कागद घेऊन बसले, सगळा हिशेब पहिल्यापासून केला आणि म्हणाले, रेघा बरोबर आहेत. मी म्हटलं, मग तुमचे हिब्रू लोक चुकलेत. हे त्यांना लागलं. मलाही कळत होतं, की लाल रेघा चुकल्या असत्या तरी काळ्या रेघांवरचा काटा कशाला उतरेल? पण भांडताना हे कुठे सुचतं, आणि सुचलं तरी बोलायचं कशाला.

नंतर सहाशे तीस.

त्याच दिवशी तबकडीवर टॅलेंटची लाल रेघ काढत होते, सगळ्यात जाड रेघ, तर कुंचला बोटांतून निसटला आणि खाली पाच-सहा लाल ठिपके पडले. शेठनी उचलून दिला. परत निसटला. त्यांनी परत उचलून दिला आणि माझ्या बोटांकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. मी म्हटलं, पलंगाखाली वीस किलोचं वजन आहे, ते आणा. सरकारी शिक्क्याचं आहे, ते खोटं बोलणार नाही. मुठीच्या कडीला टांगा. काय ते आत्ता कळेल, यंत्राचा दोष आहे की तुमच्या लोकांचा.

दोन्ही हातांनी धापा टाकत त्यांनी टांगलं. वन्सं, काटा फिरला आणि थांबला. बाहेर काळ्या रेघेवर एकशे शहाण्णव. आत लाल रेघेवर पस्तीस मिना. दोन्हीकडे अगदी रेघेच्या अंगावर, केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

मी तिथेच स्टुलावर बसले. शेठनी वाकून दोन्ही रेघा परत वाचल्या. मग अगदी हळू म्हणाले,

“वहिनी, काटा बरोबर आहे.”

एवढंच म्हणाले. आणि वजन काढायला विसरून वर निघून गेले. वजन तसंच टांगलेलं होतं आणि काटा तसाच बरोबर सांगत होता. मला ते बघवेना, आणि खाली उतरवताही येईना.


१३ मार्च, संध्याकाळी

आता काय लपवायचं राहिलं? टेबल ठीक होतं, पेनही ठीक आहे.

उजवा हात आहे. आधी बोटांना मुंग्या यायच्या, पहाटे हात झटकत बसायचे. मग बटणं लागेनात. गुंड्यांचे ब्लाउज सोडून दिले, त्यावर म्हटलं वय झालं. डबा उघडत नाही, म्हटलं झाकण घट्ट बसलंय. चहाचा कप हातातून गेला, म्हटलं कान गुळगुळीत होता. तुम्ही इथे असतात तर पहिल्या कपालाच माझा हात धरून उलटापालटा केला असतात, म्हणून तर तुम्ही इथे नको होतात.

शेठ मला दवाखान्यात घेऊन गेले. मी येत नव्हते. तर ते म्हणाले, मग मी एकटाच जाऊन डॉक्टरांना सांगतो, एका बाईंनी तीन स्प्रिंगा वाया घालवल्या, पण हात उघडून बघितला नाही. चिडवायला माझ्याकडूनच शिकलेत.

डॉक्टर म्हणजे पोरगेलेसेच आहेत, पण हात नीट बघितला. सुया टोचून तारा लावल्या. मनगटात शीर दाबली गेलीय, आणि अंगठ्याखालची ती गादी असते ना, ती बसत चाललीय. माझी आहे तशी बसलेली, डाव्या हाताशी लावून बघितली तेव्हा मलाच दिसली. शीर मोकळी करायला मनगट उघडायचं म्हणतात. लवकर केलं तर जोर परत येईल, सगळा नाही, पण बराच. राहू दिलं तर अंगठा गेलाच समजायचा. काटे दुरुस्त करणाऱ्या बाईला अंगठा नसला तर तिने काय करावं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं होतं.

येत्या वीस तारखेला सकाळी बोलावलंय.

तिथल्या नर्सबाई तुमच्यासारख्याच. कपाळाला आठी आणि हात मऊ. त्यांनी विचारलं,

“सोबत घरचं कोण येणार?”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. ते येतील हो, ते दारात उभेही राहतील, पण हात बांधलेला असताना माझी वेणी कोण घालणार? साडी कोण नेसवणार? शेठ? ते तर स्वतःचे मोजे जुळवू शकत नाहीत. मी म्हटलं, ननंद येणार आहे.

“नक्की येतील ना त्या?”

“न बोलावता येतात त्या,” मी म्हटलं.

हसून म्हटलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसले. ह्यावेळी तुम्ही न बोलावता येणार नाही, हे मला माहीत आहे. मीच ते दार बंद केलंय. ‘मरेन पण बोलावणार नाही’ असं म्हणून ठेवलंय, आणि तुम्ही शब्दाच्या किती पक्क्या ते मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघतेय.

काल मी तुम्हाला सहाशे तीस शेकेल असं ऐटीत लिहिलं. का, ते तुम्ही ओळखलं असेल. आकडा मोठा दिसतो. टॅलेंटमध्ये सांगितला असता तर पाव टॅलेंटही होत नाही. न्यूटनमध्ये सांगितला असता तर तुम्ही दवाखान्यातल्या, किलो करून तुम्हाला लगेच कळलं असतं. मोठ्या आकड्याखाली हात लपवत होते, पदराखाली लपवावा तसा. तुम्ही नऊने भाग द्याल, असं एक मन म्हणत होतं. नाही देणार, असं दुसरं. आणि दिलात तर बरं होईल, म्हणजे मला सांगावं लागणार नाही, असंही वाटत होतं. कालपासून असं इकडून तिकडे चाललंय माझं. तेवढ्यासाठीच सारखी उठत होते.

शेठ मघाशी खाली आले. म्हणाले, मी लिहून देतो, तुम्ही सांगा. म्हटलं, नको. परक्याच्या सुबक अक्षरात मी बोलावलं तर ननंदेला वाटेल शेवटचं बोलावणं आहे. आणि माझ्या ह्या अक्षरात बोलावलं तर तिला वाटेल, अजून जिवंत आहे, चला भांडायला. ते हसले आणि पाकिटावर पत्ता मात्र त्यांनी घातला. पाकिटावरचं सुंदर अक्षर त्यांचं आहे, माझं समजू नका. सकाळच्या बसवाल्याकडे देणार आहेत, टपालाचा भरवसा नाही. बसवाला तुमच्या दारात आणून देईल. तो तिथेच थांबलेला असताना वाचू नका, वाचून झाल्यावर तुमचा चेहरा तो इथे येऊन सांगेल.

वीस किलोचं वजन अजून यंत्राला टांगलेलं आहे. शेठ उतरवतो म्हणाले, मी नको म्हटलं. तुम्ही येऊन उतरवा, आणि हवं तर परत पलंगाखाली लपवा. बरण्यांवरच्या तुमच्या चिठ्ठ्या मी काढल्या नव्हत्या. ‘मोठे स्क्रू’ची जरा निघालीय, ती तेवढी चिकटवायची आहे. टॅलेंटची लाल रेघही राहिलीय. शेठ म्हणतात, ते काढतील. मी म्हटलं, कोरी ठेवा. हात सुटला की मी काढेन. वाकडी आली तर वाकडी.

भाग मीच देते. नवाने. सहाशे तीस म्हणजे सत्तर. आधी दोनशे होता.

चिमटा राहू दे तुमच्याकडे. तुमच्या भावाचा आहे, तुमचाच आहे. तो पाठवू नका.

वन्सं, तुम्ही म्हणाला होतात, बोलवशील. बोलावतेय. या.

तुमची भावजय,
सध्या सत्तर न्यूटन